पीटीच्या तासाला अंग चोरणारी जाड मुलं : तास नेमका कसा घ्यावा?

शिट्टीवाला (फोंडा)

फोंडा तालुक्यातलं हायस्कूल. आठवी ते दहावी, एका वर्गात ४२ मुलं. पीटीच्या आठवड्याला दोन तासिका, ३५ मिनिटांच्या. रांगा आणि हजेरीत त्यातली सात-आठ मिनिटं जातात. मैदान साधारण ८० बाय ५० मीटर, पावसाळ्यात नुसता चिखल. हॉल आहे, पण लहान.

प्रत्येक वर्गात पाच-सहा मुलं वजनाने जास्त आहेत. बूट विसरले, पोट दुखतं, हात मुरगळला अशी कारणं याच मुलांकडून येतात. काहींचे पालक डॉक्टरांची चिठ्ठीच आणतात, 'पीटीतून सूट द्यावी'. उभी राहिली की मागून कोणीतरी 'हो कितें धांवतलो!' म्हणतं आणि सगळी रांग हसते. ओरडलं की तेवढ्यापुरतं थांबतं.

फिटनेस चाचणीचं ६०० मीटर तोंडावर आलंय. वजन-उंचीही नोंदवायची आहे. 'मुलांना प्रोत्साहन द्या' छापाचा सल्ला नको, तो प्रत्येक शिबिरात मिळतो. तास मांडायचा कसा, चाचणी घ्यायची कशी, वजन करायचं कसं, चिठ्ठीचं काय करायचं, चिडवणाऱ्याला काय म्हणायचं, एवढं सांगा. मैदानाचं, शरीराचं आणि मुलांच्या मनाचं, तिन्ही बाजूंचं कळणाऱ्यांनी लिहिलं तर उत्तम.

---

चुन्याची रेघ

सर, मैदानापासून सुरू करतो. जाड मूल व्यायामाला कंटाळतं हे अर्धंच खरं. त्याला सर्वांत जास्त नकोसं असतं ते बघितलं जाणं. आपला नेहमीचा तास बघा : एक धावतो, एकेचाळीस बघतात. लांब उडी, ५० मीटर, खो-खो, सगळीकडे हेच. ही मांडणी मोडली की निम्मं काम झालं.

पहिलं म्हणजे संघ पाडणं. दोन कप्तान उभे करून 'निवडा रे' म्हणणं कायमचं बंद करा. शेवटी उरणारी दोन मुलं दर वेळी तीच असतात आणि सगळ्यांना ती आधीच ठाऊक असतात. हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर गट करा, नाहीतर पत्ते वाटा. महिनाभर तेच गट ठेवलेत की रांगेची मिनिटंही वाचतात.

दुसरं, वर्तुळ. सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी सात मुलं, ४० सेकंद काम, २० सेकंदांत पुढच्या ठिकाणी. सहा मिनिटांत एक फेरी, मध्ये दोन मिनिटं पाणी, मग दुसरी फेरी. ठिकाणं अशी : बाकावरून उठ-बस, भिंतीला टेकून दंड, दोन हातांत दोन लिटरची एकेक भरलेली बाटली घेऊन चालणं, जागेवर गुडघे उचलणं, दोरीवरून आडव्या पावलांनी ये-जा, चेंडू छातीपासून भिंतीवर फेकून झेलणं. खरी गंमत पुढे आहे : वर्तुळात सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवा. ज्याला त्याला समोर माड आणि कुंपण दिसतं, एकमेकांची पोटं दिसत नाहीत. किती केले ते प्रत्येकाने स्वतःच मोजायचं, आकडा मोठ्याने सांगायचा नाही. पुढच्या आठवड्यात आपल्याच आकड्यात एक वाढला की पुरे.

धावण्यासाठी 'जा-ये' घ्या. सगळे एका रेघेवर. शिट्टी झाली की आपापल्या चालीने १५ सेकंद पुढे, दुसऱ्या शिट्टीला जिथे असतील तिथून वळून १५ सेकंदांत परत, मग ३० सेकंद श्वास. म्हणजे फेरी एका मिनिटाची. वेगवान मुलगा ७०-७५ मीटर जाऊन येईल, दुसरा २० मीटर चालून येईल, पण रेघेवर पोचतील सगळे एकाच वेळी. शेवटचा कोणीच नाही. सुरुवातीला सहा फेऱ्या, महिन्याभरात आठ-दहा. यात एक गोष्ट हमखास बिघडते : चपळ पोरं जाताना रेंगाळतात आणि येताना सुसाट सुटून 'जिंकतात'. पहिल्या फेरीत जिथून वळले तिथे प्रत्येकाने आपली खूण ठेवायची आणि पुढच्या फेरीत तिला शिवूनच वळायचं, असं केलं की ते थांबतं.

बाद करणारे खेळ हे दुसरं दुखणं. डॉजबॉल, लगोरी यांत जो सर्वांत आधी बाद होतो त्यालाच हालचालीची सर्वांत जास्त गरज असते, आणि तोच वीस मिनिटं कडेला बसतो. बाद झालेल्याने मैदानाची एक बाजू चालून परत खेळात यायचं, असा नियम करा.

फुटबॉलबद्दल तर गोव्यात वेगळं सांगायला नको. जाड मुलाला गोलात उभं करणं ही आपली जुनी खोड. तासभर उभा, आणि गोल झाला की शिव्याही त्यालाच. तीन विरुद्ध तीन खेळवा, गोलकीपर नको, दीड मीटरचे दोन छोटे गोल, आणि गोल मारण्याआधी तिघांच्याही पायाला चेंडू लागलाच पाहिजे. ४२ मुलांत असे सात सामने आडवे बसतात. प्रेक्षक उरतच नाहीत.

६०० मीटर. या चाचणीचं नावच मुळी 'धावणे किंवा चालणे' आहे, म्हणजे चालायला परवानगी आहे. ती परवानगी चाचणीच्या आठवडाभर आधी सगळ्या वर्गाला सांगा, एकट्या मुलाच्या कानात नव्हे. सगळ्यांना एकदम सोडलंत तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल : वर्ग संपवून बसलेला आणि एक मूल शेवटची फेरी एकटं मारतंय. वर आपण टाळ्या वाजवायला लावतो. त्या टाळ्या त्याला शिट्ट्यांइतक्याच लागतात. त्यापेक्षा सात-सातच्या मिश्र तुकड्या करा, ३० सेकंदांच्या अंतराने मार्गावरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून सोडा, प्रत्येकाला फेऱ्या मोजणारा एक जोडीदार द्या आणि उरलेल्यांना वर्तुळात गुंतवा. कोण कितव्या फेरीत आहे हे लांबून कोणालाच कळत नाही. वेळ वहीत जाते, फळ्यावर नाही.

आणि उशिरा आलेल्याला 'दोन राउंड मार' हे बंद. धावणं ही शिक्षा आहे असं आपणच शिकवायचं, मग धावत नाहीत म्हणून रागवायचं, हे काही खरं नव्हे.

---

सांधे आणि स्नायू

फिजिओथेरपीच्या बाजूने.

आधी एक हिशेब, फक्त तुमच्या समजुतीसाठी, मुलांसमोर नको. धावताना साधारण दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. ४५ किलोच्या मुलाला ६०० मीटरला २७ लागतील, ७५ किलोच्या मुलाला ४५. मधलं अंतर ३० किलोचं, म्हणजे जवळजवळ एक भरलेला घरगुती गॅस सिलिंडर. त्याच वेगाने धावताना हे दुसरं मूल आपल्या ताकदीच्या कमाल मर्यादेजवळ असतं. तो धापा टाकतो तो आळसामुळे नव्हे. तुमच्या वर्गात त्या क्षणी सर्वांत जास्त काम तोच करत असतो.

म्हणून वेग ठरवून देऊ नका, श्रम ठरवून द्या. सोपी कसोटी : बोलता येतंय पण गाता येत नाही, ही मध्यम पातळी. दोन-तीन शब्दांपुढे वाक्य जात नाही, ही जोराची. पहिले चार आठवडे मध्यमच पुरे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांचा आहे, आणि आठवड्यात किमान तीन दिवस जोराचा व स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम. पण हे पोचायचं ठिकाण झालं. शून्यावर असलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चालणं भरपूर. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, वेळ किंवा वेग. दोन्ही एकदम वाढवले की तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखते, मूल घरी बसतं आणि 'बघ, जमलं नाही' हा शिक्का पक्का होतो.

ताकदीचे व्यायाम या मुलांसाठी सोन्यासारखे. मोठ्या शरीराला वाढलेले स्नायूही असतात, त्यामुळे ढकलणं, ओढणं, उचलणं यांत ती बहुतेकदा वर्गात पुढे असतात. रस्सीखेच, गोळाफेक (१८ वर्षांखालच्या मुलांचा गोळा ५ किलोचा, मुलींचा ३ किलोचा, शिकताना त्याहून हलका घ्या) हे दर महिन्यात एकदा तरी ठेवा. पाणीही तसंच. चरबी तरंगते, सांध्यांवर भार पडत नाही, अंग तापत नाही. पणजीत कांपालच्या जलतरण तलावावर नेणार असाल तर पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टॉप आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी चालते का ते आधी विचारून घ्या. सुती टी-शर्ट नको, तो भिजून ओढतो.

आता चिठ्ठी. सरसकट सूट देणारी चिठ्ठी स्वीकारून मोकळं होऊ नका. पालकांमार्फत डॉक्टरांना एक कोरा कागद पाठवा, दोन रकाने : 'काय करू नये' आणि 'काय करू शकतो'. दुसरा रकाना भरून मागा. गुडघा दुखणाऱ्या मुलाला उड्या नकोत, पण बसून चेंडू फेकणं, हातांचा व्यायाम, सायकल चालू शकते.

पण चार गोष्टी ओळखायला शिका, कारण त्यांना सर्रास नाटक म्हटलं जातं.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : १० ते १६ वयाचं जड मूल लंगडतंय, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणतंय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय. खुब्याच्या सांध्यात वाढीच्या कूर्चेवरून मांडीच्या हाडाचं डोकं सरकत असू शकतं. दुखणं गुडघ्यात जाणवतं, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढतात, तो चांगला येतो आणि मुलाला खोटारडं ठरवतात. त्याला चालवू नका, पाय टेकू देऊ नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे दोन्ही खुब्यांचा, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून, असा दोन्ही प्रकारे. उशीर झाला तर सांधा कायमचा खराब होतो.

दुसरी : थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला, छातीत सूं-सूं. व्यायामाने उसळणारा दमा. तपासणी करून इनहेलर मिळाला की हेच मूल आरामात पळतं.

तिसरी : मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा. 'मान घास, आंघोळ करत नाहीस का' असं या मुलांना घरीदारी ऐकावं लागतं. तो मळ नव्हे. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. घासून जात नाही, उलट कातडी सोलते. पालकांना खाजगीत सांगून उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासायला सुचवा.

चौथी : रात्री मोठ्याने घोरणं आणि वर्गात पेंगणं. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसा अंगात जोर कुठून येणार?

उष्म्याचं एक. जड शरीरात उष्णता जास्त तयार होते आणि किलोमागे कातडीचं क्षेत्रफळ कमी, म्हणून ती बाहेर पडायला वेळ लागतो. त्यातून गोव्याची दमट हवा, घाम वाळतच नाही. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरात जोराचा भाग सकाळच्या पहिल्या तासिकेतच घ्या. दर १५-२० मिनिटांनी १५०-२०० मिली पाणी. सुट्टीनंतर मुलं उन्हाला सरावायला दहा-बारा दिवस लागतात, जून आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा हलका ठेवा.

---

शिट्टीवाला (फोंडा)

दोघांचेही आभार. खुब्याचं खरंच माहीत नव्हतं. मुलींचं काय? आमच्याकडे नववीनंतर खेळायला उतरणाऱ्या मुलींचं प्रमाण एकदम घसरतं, आणि पुरुष शिक्षकाला काही गोष्टी विचारताही येत नाहीत. शिवाय पावसाळ्याचे चार महिने हॉलमध्ये काय घ्यावं?

---

पेडण्याची टीचर

तुम्ही विचारायचंच नाही सर. शाळेतल्या एका टीचरने वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मुलींना एकत्र बसवून, जाड-बारीक असा भेद न करता, तीन गोष्टी सांगायच्या.

एक, आतले कपडे. छाती हलते, दुखते, सगळे बघतात, म्हणून मुली धावणं सोडतात. इंग्लंडच्या पोर्टस्मथ विद्यापीठाने २०१६ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली तेव्हा ४६ टक्के मुलींनी छातीमुळे सक्तीच्या खेळातल्या सहभागावर काहीतरी परिणाम होतो असं सांगितलं होतं. आपल्याकडे मुली हे बोलत नाहीत, एवढाच फरक. स्पोर्ट्स ब्रा घेताना आधार खालच्या पट्ट्याचा हवा, खांद्यांच्या पट्ट्यांचा नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, हात वर केल्यावर पट्टा वर सरकू नये, जागेवर पाच उड्या मारून बघावं. मोठ्या मापाच्या मुलींना साध्या ब्रावरून घट्ट स्पोर्ट्स ब्रा हा स्वस्तातला उपाय चालतो, पण श्वास अडता कामा नये.

दोन, मांड्या घासणं. याने कातडी इतकी सोलवटते की मूल पुढचे चार दिवस पाय फाकवून चालतं, आणि त्यावरूनही चिडवलं जातं. मुलग्यांनाही होतं. गणवेशाखाली गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट, घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. घामेजलेली शॉर्ट तासानंतर बदलायचीच. पावसात कपडे अर्धवट वाळतात, तसे घातले की नायटा ठरलेला. खाज सुटली तर औषधाच्या दुकानातून स्वतःच मलम आणू नका. त्या मिश्र मलमांत स्टिरॉइड असतं, आठवडाभर बरं वाटतं आणि नंतर नायटा दुप्पट पसरतो, हट्टी होतो.

मुलग्यांचं एक इथेच सांगते. या वयात कित्येक मुलग्यांची छाती थोडी वाढते. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते. तोवर ती लपवायला दोन बनियन आणि वर टी-शर्ट घालतात आणि उन्हात घेरी येते. 'शर्ट काढून खेळणारे एका बाजूला, घातलेले दुसऱ्या बाजूला' असे संघ करू नका. रंगीत पट्ट्या द्या.

तीन, पाळी. त्या दिवशी बसायचं की खेळायचं ते मुलीने ठरवायचं, कारण सांगावं लागू नये. खूप अनियमित पाळी आणि वाढतं वजन एकत्र असेल तर आईला सांगून डॉक्टरांकडे.

गणवेशात ट्रॅक पँटचा पर्याय सगळ्यांना खुला ठेवा. आखूड चड्डी किंवा स्कर्ट सक्तीचा असेल तर पहिली गळती तिथेच होते. मोठं माप दुकानात मिळत नाही म्हणून टाचलेल्या गणवेशात येणारी मुलं असतात. शिंप्याकडून शिवून आणायला आधीच परवानगी द्या.

पावसाळ्यात फुगडी घ्या, आपल्याकडे याहून चांगलं काय आहे? चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत सराव, कोणालाच व्यायाम वाटत नाही. गटाची, फेर धरून, दोन ओळींत समोरासमोर असे प्रकार आधी. तीन मिनिटं फुगडी, एक मिनिट चालत फेर, अशा पाच आवर्तनांत घाम निघतो. दोघींच्या गिरकीच्या फुगडीत मात्र जोडी साधारण सारख्या वजनाची हवी. वजनात फार फरक असला तर हलकी मुलगी फेकली जाते आणि हसू होतं जड मुलीचं. पण 'तुम्ही दोघी जाड, तुम्ही जोडी' असं म्हणू नका बरं का! उंचीनुसार रांग लावून शेजारच्या जोड्या करा, बऱ्याचदा आपोआप जमतं. न जमल्यास गिरकीच वगळा. फरशी ओली नको, पायमोजे काढून. मुलगे लाजतील, त्यांना शिगम्यातल्या रोमटाच्या ढोल-ताशावर पावलं शिकवा, तीही दमवतात.

---

रोखठोक साखळी

हे सगळं ठीक आहे, पण जरा फाजील लाड वाटतात. थोडं टोचल्याशिवाय कोणी हलत नाही. लाज वाटली तरच मूल वजन कमी करायच्या मागे लागेल ना?

---

ऐकणारा कान

शालेय समुपदेशनात हा प्रश्न रोज येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

लाजेने वजन कमी होत असतं तर एकही जाड मूल उरलं नसतं, कारण लाज त्यांना रोज भरपूर मिळते. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या 'प्रोजेक्ट ईट' या पाहणीत किशोरवयात वजनावरून चिडवली गेलेली मुलं १५ वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा आणि मन उदास झालं की खाण्याची सवय जास्त दिसली. २००२ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात खेळताना वजनावरून टोमणे ऐकणाऱ्या मुलांची खेळाची गोडी कमी आढळली, हालचालही. कारण उघड आहे. जिथे टोमणा बसतो ती जागा माणूस टाळतो, आणि टोमणा मैदानावर बसतो. घरी पंख्याखाली मोबाइल घेऊन बसलेल्याला कोणी हसत नाही.

आणि टोचणारे फक्त वर्गमित्र नसतात. वजन कमी करण्याच्या शिबिरांना आलेल्या १४ ते १८ वयाच्या ३६१ अमेरिकन मुलांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ६४ टक्क्यांना वजनावरून छळ सोसावा लागला होता. त्यांपैकी ९२ टक्क्यांनी बरोबरीच्या मुलांकडे बोट दाखवलं, ४२ टक्क्यांनी पीटीच्या शिक्षकांकडे किंवा प्रशिक्षकांकडे, ३७ टक्क्यांनी आईवडिलांकडे. रोखठोक, तुमचं 'थोडं टोचणं' याच आकड्यांत जमा होतं.

आता शिट्टीवाला सरांना, चिडवणाऱ्याला काय म्हणायचं. भाषण नको, कारण तीन मिनिटं सगळा वर्ग त्या जाड मुलाकडेच बघत राहतो. 'त्याला असं बोलू नका' यातही बोट त्याच्याकडेच. छोटं, सपाट वाक्य : 'या मैदानावर कोणाच्याही अंगावर बोलायचं नाही. चल, पुढची फेरी.' शिट्टी. नंतर चिडवणाऱ्याला एकट्याला गाठा. ज्याला चिडवलं त्यालाही एकट्याला, तासानंतर, चालता चालता, समोरासमोर बसवून नव्हे. विचारायचं एवढंच : 'हे वरचेवर होतं का? कुठे होतं? मी काय केलं तर तुला बरं वाटेल, आणि काय केलं तर उलट अवघड होईल?' शेवटचा प्रश्न विसरू नका. कित्येक मुलांना तक्रार झालेलीच नको असते, कारण बसमध्ये त्याचा सूड निघतो. तासाचे व्हिडिओ काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं हा नवा ताप. मैदानावर मोबाइल नको, तुमचाही. शाळेच्या पानावर टाकायचे फोटोही आधी बघून घ्या.

लाडाने मारलेल्या हाकाही यातच येतात. 'ए ढोल', 'मोट्या', 'वजनदार पार्टी'. मूल हसतं म्हणजे त्याला चालतं असं नाही. हसलं नाही तर आणखी चिडवतील हे त्याला कळलेलं असतं. कौतुकही जपून : 'बारीक झालास, छान!' म्हटलं की आधी छान नव्हतास हे त्याने ऐकलं. 'आज दोन फेऱ्या जास्त झाल्या' एवढं पुरतं.

वजन करताना : एका वेळी एकच मूल खोलीत, दार लोटलेलं, मुलाची पाठ आकड्याकडे. बघायचं असेल तर तो बघेल. नोंद शिक्षकाने स्वतः करायची, मॉनिटरकडे वही नको, आकडा उच्चारायचा नाही. उंची बूट काढून. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मोठ्यांच्या तक्त्यावर ठेवू नका. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वय-लिंगानुसार तक्ते आहेत, त्यात मोठ्यांच्या २३ ला समांतर रेषेवर जास्त वजन आणि २७ ला समांतर रेषेवर लठ्ठपणा धरतात. निकाल घरी पाठवायचा तर बंद पाकिटात, 'जाड', 'लठ्ठ' हे शब्द न लिहिता, 'वयाच्या मानाने वजन जास्त' इतकंच.

पालकसभेत सगळ्यांनाच एक सांगा. घरी वजनावर बोलणं टाळा, जेवणाखाणावर आणि खेळावर बोला, आणि तेही सगळ्या घराला लागू असेल असं. 'तू पोळी कमी खा' म्हणत धाकट्याच्या ताटात तूप वाढणं, याला मूल पथ्य म्हणत नाही, शिक्षा म्हणतं. शेजारीण 'किती मोटी झालीस गो' म्हणाली तर आईने तिथल्या तिथे विषय बदलायचा. मूल आईच्या चेहऱ्याकडे बघत असतं.

आणखी एक, रोखठोक यांच्यासाठी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना केलाय. गोव्याचा स्वतःचा बालक कायदाही २००३ पासून आहे, त्यात शाळांतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. मैदान त्यातून सुटत नाही.

मूल जेवण टाळू लागलं, जेवून लगेच बाथरूममध्ये जाऊ लागलं, आधी आवडणाऱ्या गोष्टीतूनही मन काढलं, स्वतःला इजा करण्याचं बोललं, तर वाट बघू नका. शाळेला समुपदेशक असेल तर त्याच दिवशी. नसेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

---

रोखठोक साखळी

४२ टक्क्यांचा आकडा वाचून गप्प बसलो. ठीक. पण मग वजन कमी झालंय की नाही हे न बघता व्यायामाचा फायदा मोजायचा कशावर?

---

सांधे आणि स्नायू

चांगला प्रश्न. नुसत्या व्यायामाने काटा फारसा हलत नाही, हे आधी मान्य करू. पण वजन तेवढंच राहिलं तरी साखर, रक्तदाब, यकृतातली चरबी, झोप यांत फरक पडतो. काट्यावर मोजाल तर दोन महिन्यांत मूल निराश होऊन सोडून देईल.

मोजायचं असं : ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठ-बस होते. 'जा-ये'मध्ये स्वतःची खूण किती पावलं पुढे सरकली. शाळेचा जिना चढून गेल्यावर किती वेळात सरळ वाक्य बोलता येतं. सकाळी उठल्या उठल्या नाडी मिनिटाला किती. महिन्यातून एकदा, मुलानेच आपल्या वहीत लिहायचं. वही तुम्ही तपासू नका, मागितली तरच बघा.

---

शिट्टीवाला (फोंडा)

सोमवारपासून वर्तुळ आणि 'जा-ये' सुरू करतो. शेवटचं एक, चुन्याची रेघ : सगळ्यांनी आपापली खूण ठेवायची म्हणजे ४२ कोन लागतील. शाळेत बारा आहेत.

---

चुन्याची रेघ

कोन कशाला हवेत? करवंट्या वापरा, खानावळीतून पोतंभर मिळतील. बाहेरून चुना लावला की लांबून दिसतात, आतून खडूने हजेरी क्रमांक लिहा. फक्त धावेच्या सरळ रेषेत ठेवू देऊ नका, पाय पडला की घोटा मुरगळतो. प्रत्येकाच्या वाटेच्या उजव्या हाताला, एक पाऊल बाहेर. वळताना वाकून हाताने शिवायची. बारा कोन तुमच्या छोट्या गोलांना ठेवा, एका वेळी तीन सामने होतील. उरलेल्या चार सामन्यांना दप्तरं चालतील.